चौदा पेले

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले, तर कठड्यावर चौदा पेले ओळीनं ठेवलेले होते. स्टीलचे, आमच्याच घरचे. प्रत्येकात अर्ध्याच्या वर दूध शिल्लक आणि त्यावर पिवळसर साय. खरं तर ती साय नव्हती. सोयाबीनचं दूध निवलं की वर पापुद्रा धरतो, तो होता. सुरकुतलेला, मधेच केशराची काडी चिकटलेला. एका पेल्यात मुंगळा पडला होता. किती नीट ठेवले होते लोकांनी ते पेले. कुणी मोरीत ओतलं नव्हतं, कुणी तोंड वाकडं केलं नव्हतं. एकेक घोट घेऊन, गप्पा मारता मारता पेला हळूच कठड्यावर टेकवून सगळी मंडळी घरी गेली होती. मी मोजत उभी होते तेवढ्यात मागून माझी भाची वर आली. तिनंही मोजले असणार. काही न बोलता तिनं पेले परातीत गोळा केले, खाली नेले आणि स्वतः घासले. राखेनं घासावेत तसे, बराच वेळ.

मला मात्र आदल्या संध्याकाळी आठ वाजताच ठाऊक होतं.

आठ वाजता ती पातेल्यासमोर उभी होती, हातात चमचा, चेहरा वाफेनं ओला. "मावशी, सांग." मी फुंकर मारून घोट घेतला. आधी केशर आलं, मग वेलदोडा, मग जायफळ. क्षणभर वाटलं, जमलं की. आणि गिळल्यावर मागून तो वास आला. कच्च्या शेंगा सोलताना बोटांना येतो तसा, ओल्या गवताचा, आणि घशाला खडूच्या भुकटीसारखं काहीतरी लागून राहिलं. साखर होती, बदाम होते, पण त्या सगळ्याच्या खाली सोयाबीन तसंच बसलेलं होतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, "छान झालंय." तिनं पातेलं उचललं आणि जिना चढून गेली.

त्या दोन शब्दांवर तिनं भरवसा ठेवला, हे मला अजून टोचतं.

ती माझ्या बहिणीची मुलगी, अठ्ठावीस वर्षांची. दोन वर्षांपूर्वी तिनं दूध, दही, तूप, मध, अंडी, मटण सगळं एकदमच सोडलं. व्हीगन हा शब्द १९४४ सालचा, इंग्लंडमधला, हे मला तिच्याकडूनच कळलं. माझ्या आईच्या जन्माच्या आसपासचा शब्द, आणि आमच्या घरात शिरायला त्याला ऐंशी वर्षं लागली. तिच्या आईला हे अजिबात मानवलं नाही. तिच्या घरच्या ओट्यावर काजू वाटून दही लावायचं म्हणजे रोजची वादावादी, म्हणून दर रविवारी ती पिशवी घेऊन माझ्याकडे येते. "मावशी, मी आलो गं," म्हणते. आमच्या कोल्हापुरात पोरी अशाच बोलतात. पिशवीत जवस, शेंगदाणे, चायना ग्रास, नारळ, मलमलचं फडकं आणि एक दोनशेपानी वही. वहीत पानापानाला रेघा आखलेल्या: चव, वास, पोत, आणि शेवटी 'मावशी काय म्हणाली'. आरोग्याचा आहार हा तिचा ध्यास आहे. शिक्षण वेगळंच, पण वाचन दांडगं, आणि हाताला थकवा माहीत नाही. आईच्या समाधानासाठी ती बी-बाराची गोळी नेमानं घेते आणि रक्ताचा रिपोर्ट मलाही आणून दाखवते. त्या शेवटच्या रकान्यात गेली दोन वर्षं मी जवळजवळ एकच शब्द भरत आले.

तिनं हे का सोडलं, ते सांगायचं तर आमच्या माहेरच्या गोठ्यात जावं लागेल. करवीर तालुक्यातलं गाव, दारात तीन म्हशी. वडील पहाटे चारला उठून धार काढायचे. चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज आधी टणटण, मग चरवी भरत आली की जड, फेसाचा. त्या आवाजावर मी अंथरुणात पडल्या पडल्या सांगायचे, किती झालं असेल. मग डेअरीला दूध घालायला जायचं. लहानपणी मला तिथली काचेची नळ्यांची पेटी आवडायची. दुधात आम्ल घालून ती हातानं गरागरा फिरवायचे, आणि चरबी वर येऊन नळीच्या मानेत सोन्याच्या काडीसारखी उभी राहायची. "साडेसहा लागली," असं डेअरीतला माणूस म्हणायचा आणि कार्डावर लिहायचा. कधी पाच पॉइंट आठच लागली तर वडिलांचा चेहरा उतरायचा. पण त्या आकड्यावर ते रागावल्याचं मला आठवत नाही. घरी येऊन पेंड वाढवायचे, वैरण बदलायचे, म्हशीच्या पाठीवर हात ठेवून बघायचे, अंग गरम आहे का. दहा दिवसांनी बिल यायचं आणि त्या बिलावर आम्ही दोघी बहिणी शिकलो. माझी डीएडची फी म्हशींनी भरली आहे. त्यामुळे भाची जेव्हा दुधाबद्दल बोलते तेव्हा माझ्या पोटात दोन गोष्टी एकाच वेळी हलतात.

कारण तिनं जे पाहिलं तेही त्याच गोठ्यात पाहिलं. ती नऊ वर्षांची असताना मे महिन्यात आजोळी होती. म्हैस व्याली, रेडा झाला. रेडी झाली असती तर तिची वेगळी काळजी झाली असती. रेड्यासाठी घरात कुणी दूध राखत नाही, हे गावात सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी मोठ्यानं म्हणत नाही. चौथ्या दिवशी ते पिल्लू गेलं. मग म्हैस पान्हवेना. माझ्या भावानं जे पिढ्यान् पिढ्या करत आलेत तेच केलं: पिल्लाच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे उभं केलं. म्हैस त्याला चाटत राहिली आणि धार लागली. पोर दारात उभी राहून बघत होती. त्याच आठवड्यात घरात खरवस होता. तिनं तो दोनदा मागून घेतला होता, मला चांगलं आठवतं, कारण तिला वाढणारी मीच होते.

हे सगळं तिनं मला जवळजवळ वीस वर्षांनी सांगितलं, वाटणाचा मिक्सर मधेच बंद करून. "मला तेव्हा दोन्ही एकत्र दिसलंच नव्हतं मावशी. खरवस वेगळा आणि पिल्लू वेगळं."

म्हणून तिचे सगळ्यात जास्त रविवार खरवसावर गेले. नारळाचं घट्ट दूध, गूळ, वेलदोडा, जायफळ, आणि धरायला चायना ग्रास. दिसायला इतका हुबेहूब की पहिल्या दिवशी माझाच हात झटकन पुढे झाला. सुरीनं वड्या कापल्या, कडा अगदी धारदार आल्या, आणि तिथंच मला शंका यायला हवी होती. खरवसाची कडा कधी धारदार नसते. चिकातली प्रथिनं वाफेनं आपोआप धरतात, त्यात बारीक जाळी पडते, वडीवर चमचा टेकवला की जाळीतून गोड पाणी सुटतं. चायना ग्रासचं तसं नाही. तो एकदा धरला की पंच्याऐंशी अंशांच्या आसपास तापवल्याशिवाय सुटत नाही. जिभेवर वडी तशीच राहते, दातांखाली कट्कन तुटते आणि तुटलेले तुकडेही आपापल्या कडा धरून राहतात. चव वाईट नव्हती, नारळ-गुळाची चव वाईट कशी असेल? पण तोंड ज्याची वाट बघत होतं ते आलं नाही, आणि वाट बघायला लावून न येणं हे साध्या बेचव पदार्थापेक्षा जास्त लागतं. मी म्हटलं, "छान." तिनं लिहून घेतलं. पुढच्या रविवारी चायना ग्रास थोडा कमी, त्याच्या पुढच्या रविवारी कॉर्नफ्लॉवर. मग तो गिळगिळीत झाला, पिठाचा वास धरला. मी म्हटलं, "हाही बरा आहे." सहा रविवार ती अंधारात चाचपडत होती आणि दिवा माझ्या हातात होता.

बाकीचे प्रयोगही आले-गेले. शेंगदाणे भिजवून काढलेल्या दुधात हिरव्या मिरचीची देठं टाकून विरजलेलं दही, ज्यावर सकाळी तेलाचा तवंग आणि खाली करडं पाणी. बेसनाचं ऑम्लेट, पादेलोण घातल्यामुळे वासाला अंडं आणि चवीला धिरडं. कच्च्या पालकात केळं घालून केलेलं काहीतरी, त्याची चव मला आठवायचीही नाही. पांढरा रस्सा तिनं एकदा केला, नारळाचं दूध, काजू, खसखस, तीळ सगळं व्यवस्थित, आणि तो खरोखर चांगला झाला होता. फक्त अळणी नव्हतं ना त्यात, मटण शिजल्याचं, त्यामुळे रस्सा जिभेवर यायचा आणि लगेच उतरून जायचा. तेव्हाही मी म्हटलं छान. आता विचार करते तर वाटतं, त्या एका छानचं मोल मीच बाकीच्या छान म्हणण्यानं घालवलं. चांगल्या रश्श्याला वेगळं काही म्हणायला माझ्याकडे शब्द उरला नव्हता.

एकदा मी तिला जे कुणीही सांगेल तेच सांगितलं. अगं, आपलं अर्धं जेवण तुझ्या नियमात बसतंच की. पिठलं-भाकरी, ठेचा, भरली वांगी, डाळकांदा, वालाचं बिरडं, थालीपीठ. कोकणात गेलीस तर नारळाच्या रसातले शिरवाळे आहेत, गोव्यात मणगणं आहे. हे कर, उगाच चायना ग्रासच्या मागे का लागतेस? ती कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "मला पिठल्याची आठवण येत नाही मावशी. पिठलं मी रोज खातो. मला खरवसाची येते."

यावर मी काय बोलणार होते? पिठलं तिनं सोडलेलंच नव्हतं. ज्याच्यामुळे सोडलं, नेमकी त्याचीच ओढ तिला लागलेली होती, आणि ती ओढ कुणालाही न दुखवता भागवायची होती. पिल्लाला नाही, म्हशीला नाही, स्वतःलाही नाही. तिच्या वाटीत जे यायचं ते बेचव असेल, पण ते पर्याय म्हणून आलेलं नसायचं. ते आठवण म्हणून यायचं. आणि कुणी आपली आठवण आपल्यापुढे वाटीत घालून ठेवली तर तिला मीठ कमी आहे कसं म्हणायचं, हे मला आजही पुरतं उमगलेलं नाही.

पण एवढंच कारण देऊन मी सुटणार नाही. माझं छान त्याच्या कितीतरी आधीचं आहे. लग्न होऊन आले तेव्हा माझे सासरे ताट सरकवायचे. आमटी पहिल्या घासाला आवडली नाही की तर्जनीनं ताट चार बोटं पुढे सरकायचं, बस. खारट झाली, आंबट झाली, करपली, काय झालं ते कधी सांगायचे नाहीत. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी राहून त्या चार बोटांच्या अंतराचा अर्थ लावत बसायची. मग रात्री सगळ्यांचं झाल्यावर तीच आमटी चाखून चाखून बघायची. कधी चूक सापडायची, पुष्कळदा नाही. 'अन्नं न निन्द्यात्' हे उपनिषदातलं वचन त्याच भिंतीवर चौकटीत लावलेलं होतं, त्यांच्या पाटाच्या बरोबर वर. तेव्हा मी मनाशी ठरवलं होतं की कष्टानं रांधलेल्या बाईपुढे मी कधी ताट सरकवणार नाही. तो निश्चय मी पाळला. तीस-पस्तीस वर्षं, नात्यात, शेजारात, शाळेच्या डब्यात, प्रत्येक पदार्थाला छान म्हणत आले. आणि कोजागिरीच्या सकाळी त्या कठड्यापाशी माझ्या लक्षात आलं की तिनं काय चुकलं हे विचारलं तेव्हा मीही तिला ते सांगितलं नव्हतं. सासऱ्यांनी मला जसं उंबऱ्यावर ठेवलं तसंच मी तिला ठेवलं होतं. फक्त हसून.

पेले घासून झाल्यावर तिनं विचारलं, "तुला माहीत होतं?"

"होय."

"मग?"

त्या 'मग'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन रविवार ती आली नाही. घरात मिक्सर वाजला नाही, फडकं दोरीवर वाळलं नाही, आणि मला ते घर सुटी लागलेल्या शाळेसारखं वाटायला लागलं. त्या दिवसांत मी एक जुनी गोष्ट पुन्हा वाचली, तीही तिनंच मला दाखवलेली. गांधींनी १९१२ साली, दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर असताना दूध सोडलं. पुढे हिंदुस्थानात आल्यावर मोठ्या आजारपणात शरीर पार खालावलं, डॉक्टर दूध घ्या म्हणत होते, आणि कस्तुरबांनी सुचवलं की व्रत घेताना तुमच्या मनात गाय आणि म्हैस होती, मग बकरीच्या दुधाला काय हरकत? त्यांनी ते घेतलं. पण व्रताचा शब्द राहिला आणि जीव गेला, याची बोचणी आपल्याला लागून राहिली, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. हेच गांधी पुढे १९३५ साली आमच्याच महाराष्ट्रात, वर्ध्याच्या मगनवाडीत, सोयाबीन रोजच्या जेवणात आणण्याचे प्रयोग करत होते आणि 'हरिजन'मध्ये त्याबद्दल लिहीत होते. भाचीला त्यातलं सोयाबीन आवडलं होतं. मला आता बकरीचं दूध जास्त जवळचं वाटलं. चुकलं तर चुकलं म्हणून मांडायचं, लपवायचं नाही, आणि तरी प्रयोग सोडायचे नाहीत.

तिसऱ्या रविवारी ती आली. पिशवीतून रात्रभर भिजवलेलं सोयाबीन काढलं आणि म्हणाली, "वास कुठनं येतोय ते कळलं." दाणा अख्खा असेपर्यंत वास नसतो. तो गार पाण्यात वाटला की त्यातलं लिपॉक्सिजनेज नावाचं विकर दाण्यातल्या तेलाला भिडतं, हवा मिळते, आणि तो गवताचा वास तयार होतो. मग कितीही उकळा, केशर घाला, तो जात नाही. म्हणजे गार पाण्यात वाटायचंच नाही. १९६०च्या दशकात अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात हेच शोधून काढलं होतं, वाटतानाच पाणी उकळतं ठेवायचं. आम्ही पातेल्यात पाणी खळखळ उकळलं, चिमूटभर सोडा टाकून त्यात दाणे पाच मिनिटं टाकले, चोळून सालं काढली, मग मिक्सरच्या झाकणावर जाड फडकं दाबून उकळत्या पाण्यातच थोडं थोडं वाटलं. हात भाजले दोघींचे. फडक्यातून गाळलं, पुन्हा वीस मिनिटं उकळलं, ती सतत ढवळत होती. विकराचं नाव मला नीट उच्चारता येत नव्हतं, तिनं ते दोनदा म्हणून दाखवलं. कोजागिरीला मी नुसतं "शेंगेचा वास येतोय" एवढं म्हटलं असतं, तर हे तिनं त्याच संध्याकाळी शोधलं असतं.

दूध निवत होतं तेव्हा मला आई आठवली. दुधी, दोडका किंवा काकडी चिरायच्या आधी आई देठाकडचा तुकडा कापून चाखायची आणि मगच विळी पुढे ओढायची. कडू दुधी पोटात जाणं घातक असतं, रस काढून प्यायला तर फारच. कडू निघाला की ती तुकडा थुंकून टाकायची आणि अख्खा दुधी म्हशीलाही न घालता उकिरड्यात टाकायची. घरातल्या नऊ माणसांच्या आधी तिची जीभ पुढे व्हायची. चाखणं म्हणजे तिच्या लेखी कौतुक नव्हतं, ती राखण होती. मी तिच्याकडून स्वयंपाक सगळा शिकले आणि हे मात्र कसं विसरले, कोण जाणे.

भाचीनं पेला पुढे केला. केशर नाही, साखर नाही, नुसतं. मी घोट घेतला, तोंडात धरला, गिळला, आणि मागून काय येतं त्याची वाट बघितली. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. माझं हृदय धडधडत होतं, एवढ्याशा गोष्टीसाठी.

"शेंगेचा वास गेला," मी म्हटलं. "पुरता गेला. पण घशाला अजून खडबडीत लागतंय. आणि पातळ आहे. दूध पिल्यासारखं नाही वाटत, पेज पिल्यासारखं वाटतं."

ती एकदम काही बोलली नाही. मला वाटलं, झालं, ताट सरकवलं मी. मग तिनं वही ओढली. "खडबडीत म्हणजे रवाळ की पिठूळ?"

मी पुन्हा घोट घेतला. "पिठूळ."

"मग गाळणं कमी पडतंय. फडकं दुहेरी करायला पाहिजे." लिहिता लिहिता तिनं मान वर केली. "आणि पातळ, म्हणजे पाणी कमी की काजू घालू?"

"काजू नको. काजूचा वास सगळ्यावर चढेल. पाणी कमी करून बघ."

तिनं तेही लिहिलं. शेवटच्या रकान्यात अक्षरं मावेनात, तेव्हा ती पानाच्या कडेनं उभी लिहीत गेली. मी तोवर पेल्यातलं उरलेलं पिऊन टाकलं. मग तिनं विचारलं, पेन तसंच वहीवर टेकवलेलं, "गच्चीवर न्यायसारखं झालंय का गं?"

"अजून नाही," मी म्हटलं.

"होय," ती म्हणाली, आणि उद्या रात्री किती सोयाबीन भिजत घालायचं ते मोजायला लागली.